हिरवी आणि गुलाबी: कपाशीच्या दोन बोंडअळ्या

कपाशीच्या बोंडावर जगणाऱ्या अळ्या अनेक आहेत. पण भारतातील कापसाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मुख्यतः दोन अळ्यांनी वळवला. एक शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी, शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. दुसरी हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. दोघी एकाच शेतात, एकाच झाडावर सापडतात, पतंगांच्याच वर्गातल्या आहेत आणि नुकसानही बोंडाचेच करतात. सारखेपणा इथे संपतो. खाणे, लपणे, फिरणे आणि पिढी पुढे नेणे या बाबतींत त्या एकमेकींच्या उलट टोकांना आहेत. त्यामुळे एकीवर काढलेला उपाय दुसरीच्या पथ्यावर पडला, आणि असे एकदा नव्हे, दोनदा झाले.

गुलाबी अळीची शास्त्रीय नोंद आधी झाली आणि ती झाली भरूचच्या कपाशीवरून. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. तो भारतात पिकवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने 1840 मध्ये अमेरिकेतून काही अनुभवी मळेवाले आणले आणि भरूच, धारवाड अशा ठिकाणी सरकारी मळे घातले. भरूचच्या मळ्यावरील अधीक्षकाने तिथे पेरलेल्या अमेरिकन कपाशीची नासाडी करणारा एक किडा लंडनला पाठवला. त्यावरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी 1843 मध्ये या कीटकाचे वर्णन प्रसिद्ध केले. अंडी फुलोऱ्याच्या वेळी पडतात आणि अळी सरकी खात बोंडातच वाढते, ही मुख्य गोष्ट तेव्हाच ध्यानात आली होती. कंपनीचा प्रयोग पुढे बारगळला. कीटकाचे नाव मात्र शास्त्रात कायम झाले.

त्यानंतरची साठ वर्षे या अळीचा फारसा बोभाटा झाला नाही. वऱ्हाड-खानदेशात तेव्हा देशी कपाशी होती. ती आखूड धाग्याची, लहान बोंडाची, पण हंगामात येऊन हंगामात संपणारी. वेचणी उरकली की पऱ्हाटी उपटून जळणाला जायची. सरकी जनावरांच्या तोंडी आणि घाण्यावर जायची, थोडी बियाण्याला राहायची. किडके बोंड निघायचे, कवडी कापूस वेगळा वेचला जायचा आणि त्याला भाव कमी मिळायचा. शेतकरी ते गृहीत धरून चाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र एक विचित्र गोष्ट घडली. अमेरिकेत तेव्हा मेक्सिकोतून आलेल्या बोंडभुंग्याने हाहाकार उडवला होता. तो अमेरिकन कापसाच्या गाठींतून भारतात शिरू नये म्हणून 1906 मध्ये आयात कापसाच्या गाठींना विषारी वायूची धुरी देणे बंधनकारक झाले. कीड रोखण्यासाठी भारतात घेतलेल्या पहिल्या कायदेशीर उपायांत याची गणना होते. पुढे 1914 चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आला. त्याखाली अमेरिकन कापूस फक्त मुंबई बंदरातूनच आणि धुरी देऊनच उतरवता येई. बोंडभुंगा भारतात आला नाही. पण याच सुमाराला, 1906-07 च्या आसपास, भारतातून इजिप्तला गेलेल्या सरकीतून गुलाबी अळी तिकडे पोचली. येणाऱ्या मालावर पहारा बसला होता. जाणाऱ्या मालाकडे पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

इजिप्तमध्ये या अळीला जे हवे ते सगळे मिळाले: लांब धाग्याचे, जास्त दिवसांचे पीक, नाईलचे बारमाही पाणी आणि लागून लागून शेते. काही वर्षांतच तिथल्या सरकारला ठरावीक तारखेआधी पऱ्हाटी काढून टाकण्याचे आणि जिनांमध्ये सरकी तापवूनच बाहेर सोडण्याचे कायदे करावे लागले. तोवर इजिप्तचे उत्तम बियाणे जगभर निघाले होते. 1911 मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि तिथून 1917 मध्ये अळी टेक्सासमधील हर्न या गावी आढळली. भरूचच्या शेतातला कीटक पाऊणशे वर्षांत अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात दाखल झाला, आणि हा सारा प्रवास त्याने पंखांवर नव्हे, सरकीत बसून केला.

सरकीतला हा मुक्काम गुलाबी अळीच्या जीवनाचा गाभा आहे. पतंग लहान, मातकट करड्या रंगाचा, सहज नजरेत न भरणारा. मादी पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांवर सुटी सुटी किंवा थोड्या थोड्या संख्येने अंडी घालते. अंड्यातून निघालेली पांढुरकी अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. अळी फुलात शिरली तर पाकळ्यांची टोके रेशमी धाग्यांनी आतून बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. विदर्भ-मराठवाड्यात याला डोमकळी म्हणतात. पिकात अळी आली हे सांगणारी एवढीच एक उघड खूण. बोंडात शिरलेल्या अळीची बाहेरून कसलीच वार्ता लागत नाही. हिरवे, टणक, निरोगी दिसणारे बोंड नखाने फोडले की पाकळीच्या आतल्या भिंतीवर बारीक फोड दिसतात, ओली रुई एका बाजूला पिवळट पडलेली असते आणि सरकीत डोके खुपसून बसलेली, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची अळी सापडते. अंगावरचे गुलाबी पट्टे शेवटच्या अवस्थांतच उमटतात. वाढ पुरी झाली की ती वाटोळे छिद्र पाडून बाहेर पडते आणि कोषात जाते. पण हंगाम सरत आला, दिवस लहान झाले, थंडी पडली, की ती कोषात जात नाही. दोन सरक्या धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत महिनोन् महिने निजून राहते. तिची ही सुप्तावस्था शेतातल्या पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांत जाते, जिनिंगच्या आवारात जाते आणि घराच्या कोपऱ्यात साठवलेल्या कापसातही जाते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यातून पतंग निघतात.

अन्नाच्या बाबतीत ती अत्यंत चोखंदळ आहे. अंबाडी, भेंडी अशा कपाशीच्या भावकीतल्या काही झाडांवर ती आढळते, पण तिचे खरे पीक कपाशीच. कपाशी नसेल तर तिला दुसरे घर नाही. म्हणून शेतात काही महिने कपाशीच राहू न देणे हा तिच्यावरचा सर्वांत जुना उपाय. मद्रास प्रांताने 1919 मध्ये कीड व रोग कायदा केला आणि कोइमतूर भागात कंबोडिया कपाशी ठरल्या तारखेपर्यंत उपटून टाकण्याची सक्ती त्याखाली झाली, ती याच हिशोबाने. उपाय साधा होता, पण गावातल्या प्रत्येकाने पाळला तरच लागू पडणारा.

हिरवी अळी या सगळ्याच्या उलट. तिला अन्नाचा विधिनिषेध नाही. हरभऱ्यावर तिला घाटेअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळे पोखरणारी अळी. ज्वारीच्या कणसात आणि सूर्यफुलाच्या फुलातही तीच असते. नावात अमेरिका आली ती अमेरिकेतल्या तिच्या जुळ्या दिसणाऱ्या जातीशी झालेल्या घोटाळ्यातून. डी. एफ. हार्डविक यांनी 1965 मध्ये हा गुंता निस्तरून हेलिकोव्हर्पा ही स्वतंत्र प्रजाती मांडली, तोवर दोन्ही खंडांतल्या अळ्या एकाच नावाखाली ढकलल्या जात. ही अळी खरोखर जुन्या जगातली आहे. दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, ती असल्याची नोंद 2013 मध्ये झाली.

पतंग दणकट असून लांबवर उडत जातो. मादी शेकड्यांनी अंडी घालते, क्वचित हजारावरही. अळी साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंत वाढते. रंग हिरवा म्हणायचा, पण जे खाल्ले असेल त्याप्रमाणे तो तपकिरी, पिवळट, काळपटही होतो. अंगाच्या कडांनी मात्र फिकट रेघा असतात. ती एका बोंडात बसून राहत नाही. अर्धे शरीर बोंडाबाहेर ठेवून डोके आत घालते, थोडे खाते, निघून दुसऱ्या बोंडावर जाते. मोठे वाटोळे भोक आणि त्याच्या तोंडाशी पडलेली ओली विष्ठा पाहून ती दुरूनही ओळखू येते. पात्या गळतात आणि झाडाखाली सडा पडतो. कोष जमिनीत जातो, म्हणून उन्हाळी नांगरटीत पक्ष्यांना तो सापडतो. उघड्यावर फिरत असल्याने तिला शत्रूही पुष्कळ: साळुंक्या, कोतवाल, अंड्यांवर जगणारे सूक्ष्म ट्रायकोग्रामा आणि अळीला उलटी लटकवून मारणारा एचएनपीव्ही विषाणू. हरभऱ्यात पक्षी बसावेत म्हणून मचाणासारखे थांबे लावतात, तुरीची झाडे हलवून अळ्या कापडावर पाडतात. यातला एकही उपाय बोंडात दडलेल्या गुलाबी अळीला लागू पडत नाही.

1970 पर्यंत भारतीय कपाशीवर मुख्य त्रास ठिपक्यांच्या बोंडअळीचा आणि गुलाबी अळीचा होता. हिरवी अळी मुख्यतः कडधान्यांचा शत्रू होती. मग चित्र पालटले. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांचा एच-4 हा कापसाचा पहिला व्यापारी संकरित वाण बाहेर पडला, पाठोपाठ 1972 मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आला. महाराष्ट्रात नांदेडचा एनएचएच-44 आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे संकरित वाण घरोघर झाले. हे वाण अमेरिकन कपाशीच्या रक्ताचे: पाने मऊ, झाड दाट, खताला हावरे आणि दिवस जास्त. सहा-सात महिने शेतात पात्या आणि बोंडे मिळू लागली. त्याच शिवारात तूर, हरभरा आणि भाजीपालाही होता. सर्व खाणाऱ्या हिरव्या अळीला वर्षभराची सोय झाली.

1980 च्या सुमाराला सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आली: सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट, डेल्टामेथ्रिन. अगदी थोड्या मात्रेत परिणाम दिसे. पहिली काही वर्षे शेतकरी बेहद्द खूश होते. गुलाबी अळी या काळात जवळजवळ विस्मरणात गेली, कारण तिचे नाजूक पतंग या औषधांनी पटापट मरत. हिरव्या अळीचे मात्र वेगळे झाले. ती अनेक पिकांवर फिरते आणि त्या प्रत्येक पिकावर तेच औषध पडत होते. तिचे परभक्षी आणि परोपजीवी कीटक मेले, ती टिकली. 1987-88 च्या हंगामात आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात फवारणीमागून फवारणी करूनही अळी मरेना. तिच्यात प्रतिकारशक्ती आल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. कर्जात बुडालेल्या कापूसकऱ्यांच्या आत्महत्यांकडे पुष्कळांचे लक्ष प्रथम गेले ते त्या वर्षी. नव्वदच्या दशकात भारतातल्या एकूण पिकांखालील क्षेत्रापैकी सुमारे 5 टक्के क्षेत्रावर असलेली कपाशी देशातली निम्म्याच्या आसपास कीटकनाशके पीत होती. 1997-98 मध्ये वरंगळला पुन्हा तेच घडले. पायरेथ्रॉइडने गुलाबीला झोपवले आणि हिरवीला राज्य दिले, असे त्या दोन दशकांबद्दल म्हणता येईल.

पुढचा उपाय बियाण्यातच आला. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे, म्हणजे बीटीचे, क्राय1एसी हे जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच अळीच्या आतड्याला घातक प्रथिन तयार करते. 2001 च्या ऑक्टोबरात गुजरातमध्ये हिरव्या अळीने शेते खाल्ली असताना काही शेते तेवढी बोंडांनी लगडलेली दिसली. तपासात ‘नवभारत 151’ हे परवानगी नसलेले बीटी बियाणे निघाले. चोरट्या बियाण्याची ही जाहिरात कुठल्याही कंपनीला जमली नसती. 26 मार्च 2002 रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको-मोन्सँटोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. महिको ही जालन्याची, बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये उभी केलेली कंपनी, म्हणून या घटनेचा महाराष्ट्राशी सरळ संबंध येतो. 2006 मध्ये क्राय2एबी हे दुसरे जनुक जोडलेले बोलगार्ड-2 आले. काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. 2001-02 मध्ये देशात 158 लाख गाठी कापूस झाला होता. 2013-14 मध्ये तो 398 लाख गाठींवर गेला. त्यात वाढलेले क्षेत्र, चांगला पाऊस आणि गुजरातची सिंचन योजना यांचाही वाटा होता. पण हिरवी अळी कपाशीवरून हटली, ही गोष्ट बीटीच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

हिरवी अळी आजही बीटीला बऱ्यापैकी बळी पडते, यामागे तिचा सर्वभक्षीपणाच आहे. तिच्या अनेक पिढ्या तूर, हरभरा, टोमॅटो यांवर वाढतात. तिथे बीटी नाही. तिथून आलेले सामान्य पतंग कपाशीवर वाचलेल्या पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती विरून जाते. गुलाबी अळीला असे बाहेरचे घरच नाही. जन्मापासून मरणापर्यंत ती कपाशीत, आणि कपाशी सगळी बीटी. प्रत्येक पिढीत वाचतील ते पतंग प्रतिकारक, आणि त्यांचा संकर त्यांच्यातच. हा धोका ठाऊक होता. म्हणून बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणे देऊन ते शेताभोवती लावण्याची अट घातली होती. ती लहान पुडी बहुतेक बांधावरच पडून राहिली. तीन-चार एकरांच्या धन्याने अळीला खाऊ घालण्यासाठी पाच ओळी पेराव्यात, अशी ही अपेक्षा होती. ती ज्यांनी लिहिली त्यांनी शेतीचे गणित पाहिले नव्हते, असेच म्हणावे लागते.

भर पडली ती संकरित बियाण्याने. इतर देशांनी बीटी जनुक सरळ वाणांत घातले. भारतात ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून आले, कारण त्यात बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. अशा झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरकीत विष सारखे नसते. जनुकांच्या फाटाफुटीमुळे काही सरकी बिनविषारी निघते. बोंडाच्या आतच बसून सरकी खाणाऱ्या अळीला ही सवलतच झाली. त्यात वाण जास्त दिवसांचे. विहिरीला पाणी असेल तर डिसेंबरात पीक न काढता पुन्हा पाणी-खत देऊन मार्चपर्यंत फरदड घ्यायची. अळीने ज्या काळात निजायचे, त्या काळात तिला ताजी बोंडे मिळाली.

2010 मध्ये बीटी बियाणे आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच जाहीर केले की अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांतली गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. दुसऱ्या जनुकाचेही काही वर्षांत तसेच झाले. 2017 मध्ये महाराष्ट्राचा कापूसपट्टा यात सापडला. यवतमाळ, वर्धा, अमरावतीपासून मराठवाड्यापर्यंत दिवाळीनंतरची वेचणी कवडीची झाली आणि कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी कमी व्हावी म्हणून बीटी बियाणे आणल्यानंतर पंधरा वर्षांनी हे घडले. 2021 मध्ये पंजाबच्या बठिंडा भागातही गुलाबी अळीने पीक खाल्ले.

दरम्यान अमेरिकेत ही अळी संपली होती. तिथल्या शेतकरी संघटना, सरकार आणि कंपन्यांनी बीटी कपाशी, लैंगिक गंधाचे सापळे आणि किरणोत्साराने वांझ केलेले कोट्यवधी पतंग विमानातून सोडणे, असे सगळे एकदम वापरले. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देश गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. बीटीचे जनुक तेच होते. फरक होता तो सगळ्यांनी एकाच वेळी नियम पाळण्यात, आणि हजारो एकरांच्या शेतात ते पाळणे लाखो छोट्या शेतांपेक्षा सोपे असते, हेही खरे.

विदर्भात आता उपाय पुन्हा जुन्या वळणावर आले आहेत. उन्हाळ्यात निघालेले पतंग अन्नावाचून मरावेत म्हणून पूर्वहंगामी पेरणी टाळायची. कामगंध सापळे पीक पात्यांवर येताच लावायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी 8 पतंग आले, किंवा शंभरात 10 फुले वा बोंडे किडकी निघाली, तरच फवारणी करायची. डोमकळ्या तोडून जाळायच्या. जिनिंगच्या आवारातही सापळे ठेवायचे. फरदड घ्यायची नाही. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाटी शेताबाहेर काढायची किंवा जागीच बारीक करून गाडायची. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आता कमी दिवसांच्या सरळ वाणांची दाट लागवड सुचवते, म्हणजे देशी कपाशी ज्या काळात येऊन संपत असे, जवळजवळ त्या काळाकडे परत. गुलाबी अळीपुरते बीटीचे आयुष्य संपले आहे. यापुढे पीक वेळेत संपवले, आणि शेजाऱ्यानेही संपवले, तरच बोंड वाचेल.